आठशे वीस ग्रॅम

१४ डिसेंबर २०२५, रविवार. आखाडा बाळापूर

नात वैष्णवी, सोमेश्वरची पोरगी, आज दुपारच्या बसनं आली. सोबत माणसाएवढी लांब पिशवी. कंडक्टरनं ती मागच्या आडव्या सीटवर निजवून आणली होती. दारात आणून ठेवली तर आमची द्वारकाबाई खाटेवरून म्हणाली, "अवं, ह्यात कोन हाय?"

फळी होती. बर्फावरून घसरायची.

सोमेश्वर फौजेत, सध्या जम्मूला. पोरगी तिकडंच वाढली, चार वर्षांपासून गुलमर्गला जाऊन हा खेळ खेळते. मी आयुष्यात बर्फ पाहिला तो प्रेमदासच्या दुकानात, तोही सरबतासाठी किसताना. पण नातीच्या अंगात असलं काही आहे म्हटल्यावर बरं वाटतं.

दीड महिना राहणार म्हणते. आजीची सेवा करायला आले, म्हणते. ऐकून मला एकदम बसावंसं वाटलं. दोन वर्षं झाली लकव्यानं द्वारकाबाईची डावी बाजू गेली त्याला. तेव्हापासून चूल, धुणं, तिच्या पायाच्या पट्ट्या बांधणं, सगळं माझ्याकडं. कुणी हात लावायला आलं तर मी नाही म्हणणार नाही. एकाहत्तर म्हणजे काही लहान वय नव्हे.

ही डायरी खतवाल्यानं जानेवारीत दिली होती. जूननंतर कोरीच. आज लिहिण्यासारखं काही घडलं म्हणून उघडली.

१६ डिसेंबर

वैष्णवीनं आज पिशवी उघडून सगळं समजावलं. मला समजलं ते लिहून ठेवतो.

फळीवर दोन पाय बांधायच्या दोन बैठका असतात. त्यांना बाइंडिंग म्हणतात. खाली तळ, मागं पोटरीला टेकायला पाठ, आणि वरून दोन पट्टे, एक घोट्यावर, एक चवड्यावर. पट्टा दातेरी असतो. खटक्यात सरकवला की कटकट करत आवळतो आणि आपण सोडल्याशिवाय मागं येत नाही. बूट त्यात बसला की पाय आणि फळी एकच.

तिच्याकडं असे दोन जोड आहेत. एक तिचा जुना, जाडजूड, तळाखाली रबराची गादी. दुसरा तिची मैत्रीण प्रतिक्षा, पुण्याची, तिनं वापरून बघायला दिलेला. तो इतका हलका की हातात घेतला तर मला वाटलं आत काहीतरी घालायचं राहिलंय. पाठ काळी, पातळ, वाळल्या पळसाच्या पानासारखी. नको असेल तर जानेवारीच्या शेवटाला परत द्यायचा.

आठ फेब्रुवारीला गुलमर्गला महाराष्ट्राच्या संघाची निवड आहे. दोन पोरी घेणार. मागच्या मार्चमध्ये ही एका उडीत पडली, पाय लचकला आणि संधी गेली. यंदा झाली तर पुढं खेळाडूंच्या कोट्यातून नोकरीचंही होईल, असा सोमेश्वरचा हिशेब.

"नाना, तुमी चाळीस वर्षं पंपांचे पट्टे बांधलेत. तुमीच सांगा कोणता नेऊ," ती म्हणाली. मग जरा थांबून, "मला तर हलकाच पाहिजे. पण तुमी बघा."

मी सातवीपर्यंत शिकलेला माणूस. फवारणीचे पंप दुरुस्त करण्यापलीकडं मला काही येत नाही. पण विचारलं ह्याचा आनंद झाला, खोटं कशाला बोलू. आणि वजनाचं म्हणाल तर ते मला कळतं. पितळी पंप होता तेव्हा माणसाच्या खांद्याला वळ पडायचे, पण बापाचा पंप लेक वापरायचा. प्लास्टिकचा आला तेव्हा सगळे खूश. एका हंगामात पट्ट्याची कडी उपटून हातात. हलकं करताना कुठून तरी काढावं लागतं. कुठून काढलं ते शोधायचं.

१७ डिसेंबर

प्रेमदासच्या काट्यावर दोन्ही जोड तोलले. जुना दोन किलो साठ ग्रॅम. हलका एक किलो दोनशे चाळीस. फरक आठशे वीस ग्रॅम.

प्रेमदास म्हणाला, "उकंडभाऊ, हे काय, घोड्याचे बूट?"

"नातीचे हायेत. बर्फावर खेळते."

"मंग माझ्याकडं यायचं ना! एवढा बर्फ घेऊन बसलो मी." आणि कुल्फीच्या पेटीवर थाप मारली.

वैष्णवीला सोबत चल म्हटलं होतं, आली नाही. पाव कोस चालायचं तर होतं. प्रवासाचा शीण असेल.

२१ डिसेंबर, रविवार

गुलमर्गला वर जायला तारेवरच्या खुर्च्या असतात म्हणे. त्यात बसताना मागचा पाय सोडतात, पुढचा फळीला बांधलेलाच. म्हणजे अख्खी फळी एका पायाला लोंबकळत वर जाते. हिचा पुढचा पाय डावा.

म्हणून आज मी हौदाच्या भिंतीवर बसलो. डाव्या पायाला फळी बांधून घेतली, पाय सोडला. दहा मिनिटं जुना जोड, दहा मिनिटं हलका. रस्त्यानं जाणारा एक जण ओरडला, "उकंडभाऊ, उडून चालले का?" मी म्हटलं, व्हय, वाट बघून राहिलो.

खरं सांगायचं तर मला फरक कळला नाही. फळीचंच ओझं एवढं की वरच्या आठशे ग्रॅमला कोण विचारतो. दोन्ही वेळा पायाला मुंग्या आल्या. मी वैष्णवीला म्हटलं, "तुला एवढा काहून जाणवतो गं? तू जवान."

ती म्हणाली, "दिवसाला वीस फेऱ्या होतात नाना."

बराबर आहे. वीसदा लोंबकळायचं तर थोडंही पुष्कळ होतं. हलक्याच्या बाजूनं एक गुण लिहिला.

२४ डिसेंबर

दमलो. पहाटे पाणी आलं नाही, कळशीनं आणलं. वैष्णवी उठली होती, पण मीच नको म्हटलं, पाहुणी आहे.

जम्मूत राहणाऱ्या पोरीला इथं थंडी वाजते, नवल आहे. दिवसभर पायमोजे. रोज गरम पाण्यात मीठ टाकून पाय बुडवून बसते. व्यायामही खाटेवर बसल्या बसल्या करते. माझ्या वेळी व्यायाम म्हणजे धावणं. आता नवीन पद्धती आल्या असतील.

२८ डिसेंबर, रविवार

आज हलक्या जोडाचं वजन कुठून काढलं ते सापडलं.

पंपाच्या मोटरीचं बेअरिंग बिघडलं का ते बघायला आम्ही लाकडी दांडा लावतो. एक टोक मोटरीवर, दुसरं कानाच्या हाडावर. आतली खरखर सगळी ऐकू येते. तेच केलं. अंगणात फळी ठेवली, जुना जोड बसवला, त्यात बूट बांधला, बुटात ओली वाळू दाबून भरली. वाळूत दांडा रोवला आणि वरचं टोक कानामागं धरलं. वैष्णवीला म्हटलं, फळीच्या टोकाला लाकडी हातोडीनं हाण.

जुन्याचा आवाज आला, धप्प. गादीत उशी पडल्यासारखा. मग हलका बसवला. टण्ण! दाढा हलल्या माझ्या. खालचा सगळा दणका कुणी मधी न अडवता वर येतो. गादीच काढून टाकली आहे, तळ कडक केला आहे. वजन गेलं ते तिथून.

तिला म्हटलं, तूच ऐक. तिनं दांडा कानाला लावला, मी हाणलं. तिनं डोळे मिटले. "जास्त आहे," म्हणाली. "उडी मारून उतरल्यावर हे सगळं घोट्यात येतं."

"मंग?"

"पण नाना, कडक असला की फळी लगेच वळते. पाय हलवला की वळली. त्यात पण मार्क असतात."

द्वारकाबाई खाटेवरून बघत होती. म्हणाली, "ते सोडा. पट्टा किती रुंद हाय त्यो बघा. माझ्या पायाचा पट्टा नांदेडवाल्यानं बदलून दिला तवा हलका दिला म्हून मी खूश झाले. दोन बोटं रुंदीचा. असा काचला, मी तीन दिवस रडले. ह्यांना वाटलं मला माहेर आठवलं."

"तू तसंच म्हनली हुतीस," मी म्हटलं.

"मंग काय म्हनू? तुमी आधीच दमलेले."

हलक्याचा पट्टा मोजला. जुन्याच्या निम्मा.

२ जानेवारी २०२६

जुनीच डायरी वापरतो आहे, पानं शिल्लक आहेत. तारखा हातानं सुधारून.

काही घडलं नाही. सोमेश्वरचा फोन. "तयारी कशी काय?" वैष्णवी म्हणाली, एकदम मस्त. फोन ठेवून बराच वेळ तुळशीपाशी उभी होती, एका पायावर भार देऊन, बगळ्यासारखी.

५ जानेवारी

राहून राहून मनात येत होतं, की आपण सगळं इथल्या उन्हात तपासून राहिलो. तिकडं पाणी गोठतं. थंडीत ह्या वस्तूचं काय होतं ते कोण बघणार? म्हणून आज दोन्ही जोड पिशवीत घालून प्रेमदासच्या आईस्क्रीमच्या पेटीत ठेवले. तिचा काटा उणे अठरा दाखवतो.

प्रेमदास म्हणाला, "गिऱ्हाईक पेटी उघडून बघंल तर काय सांगू? नवीन फ्लेवर?"

"सांग, मलई-बूट."

नेण्याआधी हलक्या जोडाचे खटके जरा घट्ट चालत होते, नवे असल्यानं. त्यांना वंगण दिलं. तेवढं तरी करणं आपलं काम.

६ जानेवारी

निकाल लागला. आणि वाईट लागला.

सकाळी फळी सोबत नेली आणि जोड पेटीतून काढून तिथंच तिच्यावर तपासले. जुना जोड आवळला, दोन हातांनी ओढला, पट्टा जागचा हलला नाही. हलका आवळला, ओढला, आणि पट्टा सर्रकन मागं आला. पुन्हा केलं. पुन्हा सरकला. दात खटक्यात धरतच नव्हते. चार वेळा केलं, तीनदा सरकला.

प्रेमदासलासुद्धा थट्टा सुचली नाही. म्हणाला, "पोरगी डोंगरावर असती तर?"

घरी येऊन वैष्णवीला सांगितलं. हे नेऊ नको, थंडीत दगा देतं. जुनाच ने. मला वाटलं होतं, बरं झालं नाना वेळेवर कळलं, असं म्हणेल. तिनं जोड माझ्या हातातून काढून घेतला. मग एकदम म्हणाली, "जुन्यावर मी नाही जाऊ शकत." आणि रडायला लागली. असं रडणं की मी पाण्याचा तांब्या घेऊन नुसता उभा.

आठशे वीस ग्रॅमसाठी कुणी एवढं रडतं? मी समजूत घातली, की वस्तू परत करायची म्हणून इतकं मनाला लावून घेऊ नये, पुढं तुझ्या नोकरीतून तू दहा घेशील. तिनं मान हलवली. माझ्या बोलण्यानं आणखी रडली.

९ जानेवारी

आज द्वारकाबाईची पट्टी बांधत होतो. वैष्णवी दळण आणायला गेली होती. ही म्हणाली, "पोरीचा पाय बघितला का तुमी?"

"काहून? काय झालं?"

"दोन वरसं झाले मी खाली मान घालून हितं बसलेली. मला मानसाचं तोंड कमी दिसतं, पायच दिसतेत. वैष्णवी डावा पाय टेकते ती बाहेरच्या कडेवर. पायरी उतरती तर डावा पाय आधी, लेकरावानी. आन सकाळी मोजा वढताना दाताखाली ओठ धरती."

"लचकला होता मार्चमध्ये. ते बरं झालं."

"कुनी सांगितलं बरं झालं?"

मी आठवून पाहिलं. तिनंच सांगितलं होतं.

माझ्या हातातली पट्टी तशीच राहिली. मग हौदावरचं सगळं आठवलं. मला जे आठशे ग्रॅम कळलेसुद्धा नाहीत, ते तिला वीस फेऱ्यांत नाही, पहिल्याच फेरीत कळत असतील. दुखऱ्या पायाला लोंबकळलेली फळी. आणि मी त्याला हलक्याचा गुण म्हणून लिहून ठेवला.

दिवसभर हातून काही नीट झालं नाही. भाजीत मीठ दोनदा पडलं.

११ जानेवारी, रविवार

आज जे कळलं ते लिहायला जड जातं आहे, पण इथं नाही लिहायचं तर कुठं.

पट्टा सरकला त्यात त्या जोडाचा दोष नव्हता. माझा होता.

हलका जोड घरात पाच दिवस पडून होता. सहज आवळला तर खटका असा पक्का बसला की मला सोडवेना. इथं धरतो आणि तिथं नाही, हे कसं? मग बोटाला तेल लागलं. एरंडेल. पंपाच्या चामडी वायसरला चाळीस वर्षं मी एरंडेल देत आलो, गाडीच्या आसालाही बाप तेच देत होता. हात आपोआप त्याच बाटलीकडं गेला. जुन्या जोडाला दिलंच नव्हतं.

चमचाभर एरंडेल वाटीत घेऊन प्रेमदासकडं गेलो, पेटीत ठेवलं. दोन तासांनी बघतो तर चिक्कट गोळा, थंड लोण्यासारखा. बोट रुतत नव्हतं धड. दातांमध्ये हे भरलेलं, मग खटका धरणार कसा?

प्रेमदास म्हणाला, "म्हंजे माल चांगला हाय! जा, सांगा पोरीला, खूश होईल."

तीच तर पंचाईत आहे.

सांगितलं तर ती हलका जोड घेऊन जाणार. लोंबकळताना जरा सुख मिळेल आणि उडी मारून उतरताना तो टण्ण आवाज थेट त्या घोट्यात जाईल. नाही सांगितलं तर जुन्यावर जाता येत नाही म्हणून कदाचित जाणारच नाही. पाय वाचेल. मला फक्त गप्प बसायचं आहे. काही खोटं बोलायचंसुद्धा नाही, ते बोलून झालंय. नुसतं तसंच राहू द्यायचं.

द्वारकाबाईला विचारलं. ती म्हणाली, "गप बसा. मी तर म्हनते देवानंच तुमच्या हातात ती बाटली दिली."

पण मग तिला आयुष्यभर वाटणार की जोड खराब होता म्हणून राहिलं. पायाचं तिनं कुणालाच सांगितलेलं नाही. उद्या दुसरा कुणी चांगला हलका जोड देईल, आणि ती जाईल.

१२ जानेवारी

ठरत नाही. पंपाला मी कधी खोटं बोललो नाही, म्हणून पंप दुरुस्त होत आले. माणसाचं वेगळं असतं का, कळत नाही.

१४ जानेवारी, संक्रांत

सांगितलं.

वैष्णवी आजीसाठी तीळ कुटत बसली होती. मी समोर बसलो आणि म्हटलं, "त्या दिवशी पट्टा सरकला तो माझ्यामुळं. मी खटक्यात एरंडेल घातलं होतं, ते पेटीत थिजलं. तुझ्या जोडाची पकड पक्की हाय."

बत्ता हातातच राहिला. "म्हणजे हलका चांगला आहे?"

"पकड चांगली. दणका अडवत न्हाई, पट्टा काचतो, ते हाय तसंच हाय."

"चालेल. मी तोच नेते."

"ने. पर पहिले मोजा काढ."

"काहून?"

"काढ म्हनलं."

तिनं आजीकडं पाहिलं. आजी छताकडं बघायला लागली, जन्मात कधी छत पाहिलं नसल्यासारखी. मग वैष्णवी चिडली. तुमी पप्पांना सांगणार, तुमाला काय कळतं, सगळ्यांच्या पायाला काही ना काही असतं, टीममध्ये कुणाचं काय कुणाचं काय. मी ऐकून घेतलं. माझ्याकडं दुसरं काही करण्यासारखं नव्हतंच.

बोलून दमली तेव्हा तिनं मोजा काढला. घोट्याच्या बाहेरच्या बाजूला, खाली, लिंबाएवढी सूज. मी नुसतं बोट टेकवलं तर तिचा खांदा उडाला.

"फोटो काढला होता का हाडाचा?"

"नाही. मीच पट्टी बांधली. काढला असता तर बसवलं असतं मला."

"खुर्चीत लटकताना?"

"मफलर दातात धरते."

"आन उडी मारून उतरल्यावर?"

तिनं मोजा मुठीत गोळा केला. मग म्हणाली, "दोन सेकंद काळं होतं सगळं. मग दिसतं."

"म्हून आठशे वीस ग्रॅम."

"हो नाना. म्हणून."

द्वारकाबाई तिला म्हणाली, "हिकडं ये." ती खाटेपाशी जाऊन जमिनीवर बसली. हिनं चालतो तो हात तिच्या डोक्यावर ठेवला आणि मला म्हणाली, "तुमी आता भाईर जा जरा."

गेलो. तिळाचं काम अर्धंच राहिलं. नंतर मीच कुटलं.

१७ जानेवारी

नांदेडला हाडाच्या डॉक्टरांकडं जाऊन आलो. बसमध्ये तिनं माझ्याशी बोलायचं नाही असं ठरवलं होतं. वारंग्याला बस थांबली, शेंगा घेतल्या तेव्हा अर्ध्या माझ्या हातात दिल्या, पण बोलली नाही.

आधी साधा फोटो, मग मोठ्या यंत्रातला. डॉक्टरांनी पडद्यावर दाखवलं. घोट्याच्या कडेचं एक बारीक हाड मोडलं आहे. ह्याच खेळातल्या लोकांचं ते मोडतं म्हणाले, आणि लचक समजून लोक चालत राहतात. दहा महिन्यांत जुळलंच नाही, चुरा होत चालला आहे. ऑपरेशन करून, मग प्लास्टर, मग बघायचं.

तिनं विचारलं, "आठ फेब्रुवारी?"

डॉक्टर भला माणूस. हसला नाही. म्हणाला, "आठ फेब्रुवारीला तू कुबड्यांवर असशील. आणि त्या दिवशी तू फळीवर असतीस तर पुढं कधीच नसतीस."

बाहेर येऊन ती बाकड्यावर बसली. मी चहा आणला. माझ्या हातून बशीत सांडला, तिनं बशीतलाच प्यायला.

१८ जानेवारी, रविवार

सोमेश्वरला मी फोन करणार नव्हतो. तिनंच केला, आमच्यासमोर, आवाज मोठा करून. मी तयारीत होतो की तो माझ्यावर ओरडेल.

सगळं ऐकून त्यानं एवढंच विचारलं, "कवापासून?"

"मार्चपासून."

पलीकडं त्यानं दार लावल्याचा आवाज आला. मग म्हणाला, "डिसेंबरात तुला गाडीत बसवताना पिशवी मीच तुझ्या खांद्यावर दिली. तवा काहून न्हाई बोललीस?"

"तुमी खूश होता पप्पा."

तिनं मोबाइल खाटेवर ठेवला. फोन तसाच चालू. शेवटी द्वारकाबाई म्हणाली, "सोम्या, जेवला का?" त्यावर तो लहान असल्यासारखा म्हणाला, "न्हाई माय."

तो येतो आहे ऑपरेशनला. रजा मिळाली.

२३ जानेवारी

ऑपरेशन झालं. ठीक आहे म्हणतात. आता घरात दोन माणसं दोन खाटांवर आणि मधी मी. हिला पाणी, तिला पाणी. सोमेश्वर चार दिवस हाताशी होता, उद्या जाणार. कंबर बोलायला लागली आहे.

३० जानेवारी

प्रतिक्षाला हलका जोड परत पाठवला. खटके रॉकेलनं धुतले, साबणानं, दात घासायच्या ब्रशनं, पुन्हा रॉकेलनं. सोबत चिठ्ठी घातली, "ह्याला कोणतंही तेल देऊ नये. एका म्हाताऱ्यानं देऊन बघितलं आहे." वैष्णवीनं वाचून चिठ्ठी काढून टाकायला लावली. मग हसली, आणि परत घातली.

८ फेब्रुवारी, रविवार

आज ती निवड होती.

दहा वाजल्यापासून वैष्णवी मोबाइल घेऊन अंगणात खुर्चीवर, प्लास्टरचा पाय स्टुलावर. द्वारकाबाईची खाट तिच्याशेजारी ओढली. मी मिरच्यांचे देठ काढत बसलो होतो, म्हणजे तसं दाखवत होतो.

दुपारी प्रतिक्षाचा व्हिडिओ आला. आधी उभा पांढरा डोंगर, मग एक बारीक ठिपका. वैष्णवी आजीला सांगत होती, "आता बघ, आता ती वळेल. वळली! गुडघे वाकवले बघ, आता उडी." ठिपका हवेत गेला. वैष्णवीनं खुर्चीचा हात असा धरला की बोटं पांढरी पडली. ठिपका खाली आला आणि उभा राहिला.

"पडली न्हाई," द्वारकाबाई म्हणाली.

"नाही पडली. मस्त उतरली."

तासाभरानं निरोप आला. प्रतिक्षा घेतली. दुसरी एक नाशिकची पोरगी. वैष्णवीनं लिहून पाठवलं, काय ते मी विचारलं नाही. मोबाइल उलटा करून मांडीवर ठेवला. रडली नाही. रडली असती तर मला काहीतरी करता आलं असतं. पाणी आणलं असतं.

द्वारकाबाईला डुलकी लागली. अंगणात ऊन उतरत होतं. वैष्णवी म्हणाली, "नाना, पुढच्या हिवाळ्यापर्यंत होईल का पाय? उडी मारण्याइतका?"

डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं की सांगता येत नाही. होईल म्हणावं असं तोंडापर्यंत आलं. म्हाताऱ्या माणसानं एवढं तर म्हणायचंच असतं.

"मला न्हाई माहीत," मी म्हटलं. "डॉक्टरलाबी माहीत न्हाई. मी विचारलं हुतं."

तिनं माझ्याकडं पाहिलं, वजन करून बघावं तसं. मग हात पुढं करून माझ्या सुपातल्या निम्म्या मिरच्या आपल्या मांडीवर घेतल्या.

"डोळ्याला हात लावू नको," मी म्हटलं.

"हो," ती म्हणाली.